दम खाण्यापुरतं

सायलीने डोळे मिटून पेडल पुन्हा दाबलं. लोखंडी स्टँडवर बसवलेलं ते गाडीच्या ब्रेकचं पेडल खाली गेलं, वर आलं, आणि वर येताना अगदी शेवटी 'टक्' असा बारीक आवाज झाला. तिने मान डोलावली, जणू कुणीतरी तिच्या मनातलंच बोललं होतं.

"काय म्हणतंय?"

ती दचकून वळली. असेंब्ली लाइनचा प्रमुख नौशाद मागे उभा होता. मशिनं चालू असतानाही शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा त्याचा आवाज, पण या वेळी तो हलकेच बोलला होता. पहिली शिफ्ट अजून यायची होती. शेडमध्ये गारठा होता.

"सकाळी वाजतं," ती म्हणाली. "दुपारी गप्प."

"म्हणजे तुझ्यापेक्षा बरं. तू सकाळीही गप्प, दुपारीही गप्प."

सायली हसली. नौशादच्या थट्टेचं तिला वाईट वाटत नसे. ती क्वालिटीत लागली तेव्हापासून दोघं दिघीहून एकाच बसने चाकणला येत. तो पुढच्या सीटवर ड्रायव्हरशी गप्पा मारत येई, ती खिडकीशी बसून मोशीच्या नव्या इमारती बघत येई. वाटेत बोलणं असं फारसं होत नसे. पण तिला यायला उशीर झाला की बस थांबवून ठेवणारा तोच असे.

"ग्रीस," ती म्हणाली. "पेडल ज्यावर फिरतं त्या बुशमध्ये आपण जे ग्रीस भरतो ना, ते थंडीत घट्ट होतं. पेडल शेवटचं बोटभर अंतर सरकत नाही, उडी मारतं. ऊन तापलं की ग्रीस सैल होतं. म्हणून ग्राहक सकाळी तक्रार करतात आणि आपण दुपारी तपासून म्हणतो, आवाजच नाही."

नौशादने स्वतः पेडल दाबून बघितलं. कान लावला.

"हे उद्या असंच सांग," तो म्हणाला. "आत्ता माझ्यापुढं सांगितलंस तसं. ती जागा तुझी आहे बघ."

सायलीचं हसू मावळलं.

कंपनी ग्राहकांच्या तक्रारींसाठी नवा विभाग काढणार होती. त्याचा प्रमुख उद्या ठरायचा होता. मुख्य कार्यालयातून इनामदार मॅडम येणार, आणि जे दोन उमेदवार आहेत त्यांनी सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचं. दुसरा उमेदवार कोण ते तिला माहीत नव्हतं. पुण्याच्या ऑफिसातलं कुणी असेल, असं तिने धरलं होतं. नोकरी लागल्यापासून तिने एवढं मनापासून काही मागितलं नव्हतं. एखादी वस्तू का बिघडली ते शोधत बसायचं, आणि सापडेपर्यंत कुणी घाई करायची नाही. असं काम जगात असतं आणि त्याचा पगारही मिळतो, याचंच तिला नवल वाटायचं.

अडचण एवढीच की त्या कामात ग्राहकासमोर बसावं लागे. प्लांटचे प्रमुख सुजित सर तिच्या वार्षिक शेऱ्यात दर वेळी एकच ओळ लिहीत: काम उत्तम, बोलण्यात पुढाकार नाही. काल त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावून चांगल्या मनाने समजावलंही होतं.

"हे बघ सायली, प्रश्न आला की काहीतरी बोल. पुढचं पुढं बघू. तू विचार करत बसतेस ना, समोरच्याला वाटतं, हिला येत नाही. गप्प माणूस चुकलेला दिसतो."

त्यावर काय म्हणावं हे ती ठरवीपर्यंत त्यांचा फोन वाजला होता.

•

गावच्या देवळात त्या संध्याकाळी कीर्तन होतं. सायली लहानपणापासून बसायची त्याच खांबाला टेकून बसली. समोर बुवा उभे, मागे टाळकऱ्यांची रांग, आणि रांगेत डावीकडे तिचे वडील, मारुतराव. डोक्याला फेटा, कपाळी बुक्का. घरी सांधे धरले म्हणून कुरकुरणारा हा माणूस टाळ हातात आला की पावली खेळायला कसा उचलला जातो, ते तिला कधी कळलं नव्हतं.

बुवा रंगात आले होते. निरूपण चढत चढत एका जागी आलं आणि बुवा थबकले. डोळे मिटले. हात नुसता वर राहिला. पण तो हात खाली यायच्या आत मागची रांग उसळली होती. मृदंगावर थाप पडली, टाळ एका अंगाने वाजले, आणि मारुतरावांच्या चिरक्या, प्रेमळ आवाजासकट सगळ्यांनी ध्रुपद उचललं. देऊळ भरून गेलं. म्हाताऱ्या बाया टाळ्या वाजवत डोलू लागल्या. बुवांनी उपरण्याने घाम पुसला, खोल श्वास घेतला. ध्रुपद ओसरलं तेव्हा ते असं काही बोलले की सायलीच्या शेजारची बाई पदर डोळ्यांना लावून बसली.

घरी चालत येताना सायलीने विचारलं, "आप्पा, बुवा मधेच थांबतात तेव्हा विसरलेले असतात का हो?"

"इसरलं काय न आठवलं काय, लोकास्नी कळतंय व्हय?" मारुतराव हसले. "आमी हाय की मागं. बुवा थांबलं की आमी धरलं ध्रुपद. त्यास्नी दम खाऊ द्यायचा. दम खाल्ल्याबिगर पुढचं येनार कुठनं?"

"आणि तुम्ही नाही धरलं तर?"

"मग लोक म्हनत्याल, बुवा अडकला." त्यांनी टाळांची दोरी मनगटाला गुंडाळली. "अडकत कुनी न्हाई, पोरी. मागचं झोपत्यात."

सायली म्हणाली, "आमच्या कंपनीत मागं टाळकरी नसतात, आप्पा."

"आसत्याल की." मारुतराव चालता चालता थांबले. "तू धरलंस का कधी कुनाचं?"

मारुतरावांनी उत्तराची वाट बघितली नाही. घरी तिच्या आईने, मंजुळाबाईंनी, पिठलं केलं असणार, ते गार होईल, म्हणत ते पुढे झाले.

•

दुसऱ्या दिवशी मीटिंगच्या खोलीत पेडलचं ते जड स्टँड नौशादनेच खांद्यावरून वर आणून ठेवलं. इस्त्रीचा शर्ट घालून तो भिंतीकडच्या खुर्चीत बसला. टेबलाच्या टोकाला इनामदार मॅडम होत्या, शेजारी सुजित सर, आणि दोन्ही बाजूंना बाकीच्या लाइनींचे प्रमुख.

सायली बोलली. सुरुवातीला आवाज बसका आला, पण पेडल वाजलं आणि ती त्याच्या मागे मागे गेली. गारठा, ग्रीस, बुश. पडद्यावरचे आलेख तिने स्वतः काढले होते. त्यांच्याकडे बघताना तिला घरच्यासारखं वाटलं. मॅडम लक्ष देऊन ऐकत होत्या. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे ग्रीस बदललं की हा प्रश्न कायमचा संपला. असं मी ग्राहकाला सांगू?"

सुजित सरांनी तिच्याकडे बघून मान हलवली. हो म्हण.

सायलीने तोंड उघडलं आणि मिटलं. प्रश्न साधा होता, उत्तर साधं नव्हतं. तिने लावून बघितलेलं नवं ग्रीस थंडीत सैल राहत होतं. पण दमट हवेत? तिच्या मनात एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसू लागली, आणि त्याला वेळ लागत होता. याच खोलीत गेल्या वर्षी असंच झालं होतं. माल पाठवायचा का, असं विचारलं गेलं, ती विचार करत राहिली, सुजित सर म्हणाले पाठवा, आणि नौशादच्या लाइनवरून गाड्या भरून गेल्या. जिना उतरताना तिला उत्तर सापडलं होतं. तोवर गेटबाहेर धूळ उडाली होती. महिना संपायच्या आत तो सगळा माल परत आला.

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. मॅडमच्या भुवया वर गेल्या.

"मॅडम, एक मिनिट," भिंतीकडून नौशादचा दणदणीत आवाज आला. "हे पेडल तुम्ही स्वतः दाबून बघायला पाहिजे. काय झालं, मंचरचा एक गाडीवाला आमच्याकडं आला. म्हणाला, भाऊ, गाडीत रातकिडा शिरलाय. सीट काढली, मॅट काढली, बायकोला मागं बसवून टॉर्च धरायला लावला. बायको म्हणते, रातकिडा नाही, तुमच्या डोक्यात किडा आहे."

सगळे हसले. मॅडमही हसत उठल्या, त्यांनी पेडल दाबलं, मग सुजित सरांनी दाबलं, मग आणखी एकाने. "परत दाबा, परत, पाय हलका सोडा," असं म्हणत नौशाद पेडलभोवती फिरत होता. सायलीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. तिने श्वास घेतला. मनातली शेवटची गोष्ट जागेवर बसली.

"नाही, मॅडम," ती म्हणाली.

सगळे वळले.

"कायमचा असं सांगू नका. थंडीतला आवाज गेला. पावसाळ्यातल्या ओलीत हे नवं ग्रीस कसं वागतं ते मी अजून बघितलेलं नाही. ते बघितल्याशिवाय हो म्हणता येणार नाही."

सुजित सरांनी नाक चोळलं. मॅडमनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "बसा. आता दुसरे. नौशाद शेख."

सायलीला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. नौशाद उठला, शर्ट खाली ओढला, आणि तिच्या खुर्चीमागून जाताना वाकला.

"आधी सांगितलं असतं तर तू नाव मागं घेतलं असतंस," तो पुटपुटला आणि पुढे गेला.

तो छान बोलला. कागद नाही, पडदा नाही. ग्राहक चिडला की आधी त्याला पाणी द्यायचं, मग शिव्या देऊ द्यायच्या, मग गाडी बघायची. लोक हसत होते, माना डोलवत होते. दणदणीत आवाजाचा हा माणूस लहानपणी देवळाच्या मंडपात बसलेला असायचा, ते सायलीला आठवलं. त्याचे वडील, इब्राहिमचाचा, सप्ताहाला स्पीकर लावायचे. कीर्तन संपेपर्यंत नौशाद ॲम्प्लिफायरजवळ मांडी घालून बसलेला असे, बुवा थांबले की त्याचा हात आपसूक आवाजाच्या बटणावर जाई आणि टाळकऱ्यांचा आवाज वाढे. ती खांबाशी असायची, तो तिथे. एवढ्या वर्षांत तिने ते नुसतं बघितलं होतं.

"एक विचारते," मॅडम म्हणाल्या. "गेल्या वर्षी तुमच्या लाइनवरून गेलेला माल परत आला. तपासणी पूर्ण नसताना तो गेला कसा?"

नौशाद थांबला.

सुजित सरांच्या हातातलं पेन टकटकायचं बंद झालं. ते टेबलाकडे बघत होते. नौशादने त्यांच्याकडे बघितलं नाही. तो कुणाकडेच बघत नव्हता. त्याचा हात हवेत होता, बोलता बोलता उचललेला, आणि आता त्याचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. आयुष्यात त्याला शब्द कमी पडल्याचं या खोलीत कुणी बघितलं नव्हतं. लाइनींचे प्रमुख आपापल्या मोबाइलवर नजर लावून बसले. मॅडमचं पेन कागदावर टेकलं.

सायलीने खोलीभर बघितलं. भिंतीकडची नौशादची खुर्ची रिकामी होती.

"मॅडम, तुम्ही चहा घेतला नाही," ती म्हणाली.

तिचा आवाज तिलाच परका वाटला. सुजित सरांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू ते पेडलचं स्टँड बोललं होतं.

"गार झाला की आमच्या चहावर साय येते," सायली म्हणाली. कान तापले होते, पण थांबता येणार नव्हतं. "दुसरा मागवते. आज चांगला असेल. सोमवारी नसतो. सोमवारी आलं कमी असतं."

"सोमवारी का?" मॅडमनी चक्रावून विचारलं.

"माहीत नाही. अजून तपासलं नाही."

आधी कुणीतरी खुसखुसलं, मग सगळं टेबल हसलं. एक जण म्हणाला, सोमवारी खरंच पाणचट असतो. दुसरा म्हणाला, आलं नाही, साखर कमी असते. तिसऱ्याने कँटीनवाल्या धोंडीबाची बाजू घेतली, आणि सायली मान खाली न घालता, जमेल तसं, आल्याचं आणि साखरेचं बोलत राहिली.

नौशादने हात खाली घेतला. समोरचा पाण्याचा ग्लास उचलला, सावकाश प्यायला, आणि परत जागेवर ठेवला. मग त्याने सायलीकडे एकदा बघितलं आणि खोल दम घेतला.

"सांगतो, मॅडम," तो म्हणाला.

सायली बोलायची थांबली.