पान चारच्या सहा प्रती

फिलिसनं तेच पान सहाव्यांदा टंकयंत्रात चढवलं, रूळ फिरवून कडा जुळवली आणि सातव्या ओळीपर्यंत न अडखळता आली.

जो माणूस आपल्या

इथं ती थांबली. शेजारी उपडी घातलेल्या पाच पानांवर याच जागी पाच वेगळ्या वस्तू होत्या. डेक्स्टरच्या पानावर भट्टी. रोझलिनच्या पानावर माग. वॉल्टरच्या नांगर, नॉर्मनच्या सुकाणू. तिच्या स्वतःच्या प्रतीत चाक. हे सहावं पान इरेना होल्स्टचं होतं, आणि तिच्या हस्तलिखितात जे होतं तेच फिलिसनं टाइप केलं.

जो माणूस आपल्या ऐरणीपाशी उभा आहे, त्याला जगण्यासाठी कुणाच्याही परवानगीची गरज नाही.

मग तिनं सहा नावं आणि सहा वस्तू एका कागदावर लिहिल्या, कागद पाकिटात घातला आणि पाकीट चिकटवलं.

ही युक्ती डेक्स्टरची. फेब्रुवारीत काँग्रेसमन हॅरलन प्रुइट यांनी इंडियानातल्या एका भाषणात इरेनाच्या अप्रकाशित निबंधातलं एक अख्खं वाक्य वापरलं होतं. नाव न घेता, आणि शेवटी परमेश्वराची कृपा जोडून. तो निबंध तोवर फक्त या सहा जणांनी वाचला होता. दर रविवारी दुपारी लेक्झिंग्टन अॅव्हेन्यूजवळच्या इरेनाच्या दिवाणखान्यात बसणाऱ्या सहा जणांनी. तिथं मालमत्तेहून पवित्र काही नव्हतं, आणि डोक्यातून निघालेलं वाक्य ही तर सगळ्यांत खाजगी मालमत्ता.

"नवा निबंध सगळ्यांना द्यायचा," डेक्स्टर फोनवर म्हणाला होता, "पण प्रत्येकाचा शब्द वेगळा. कुणाला कुठला ते फक्त तुला माहीत. मलासुद्धा सांगू नकोस. मीही संशयितच आहे."

"आणि मिसेस होल्स्ट?"

"त्यांना यातलं काहीच कळता कामा नये. त्यांना कशाला या चिखलात ओढायचं?"

"नॉर्मनला?"

यावर डेक्स्टरनं नुसता श्वास सोडला होता.

सुकाणू

फिलिसचा नवरा नॉर्मन ज्या जाहिरात कंपनीत होता तिच्याकडे प्रुइट यांच्या प्रचाराचं काम होतं. हे गटातल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि फेब्रुवारीपासून कुणी ते बोलून दाखवत नव्हतं.

फिलिसही बोलली नाही. ती फक्त बघू लागली. नॉर्मन कामावर निघाला की त्याची बॅग किती फुगली आहे ते. कचऱ्याच्या टोपलीत चुरगळलेला कागद असला तर तो उलगडून. एकदा त्याचा कोट धुलाईला देताना तिनं खिसे तपासले, आणि त्यात एक चित्रपटाचं तिकीट निघालं. एकच. नवरा एकटा सिनेमाला जातो याचं तिला वाईट वाटलं नाही; त्या वेळात तो प्रुइटच्या माणसांना भेटला नाही याचा पुरावा मिळाला म्हणून हायसं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटून तिनं तिकीट परत खिशात ठेवलं आणि कोट तसाच धुवायला दिला.

आठ वर्षांपूर्वी ती दोघं त्याच दिवाणखान्यात भेटली होती. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा इरेनानं दोघांना समोर बसवून तासभर प्रश्न विचारले होते आणि शेवटी सिगारेट विझवत म्हटलं होतं, "ठीक आहे. मला यात विसंगती दिसत नाही." त्या दोघांच्या लग्नाला मिळालेला तेवढाच आशीर्वाद. नॉर्मनचे आईवडील आले नव्हते; तो त्यांच्याशी बोलत नसे. तिच्या बहिणीला तिनंच बोलावलं नव्हतं. त्यांना जी माणसं होती ती सगळी रविवारी त्या खोलीत असत.

"तू माझ्याकडे अशी का बघतेस?" एका सकाळी टोस्टला लोणी लावता लावता नॉर्मननं विचारलं.

"कशी?"

"डेक्स्टरसारखी."

"काहीतरीच काय!"

"मी काही केलेलं नाही, फिल."

"मी कुठं काय म्हटलं?"

"तेच तर," तो म्हणाला.

एप्रिलच्या दुसऱ्या शुक्रवारी पेपरच्या सतराव्या पानावर प्रुइट यांच्या फोर्ट वेनच्या सभेची बातमी आली. फिलिसनं ती उभ्यानंच वाचली.

जो माणूस आपल्या ऐरणीपाशी उभा आहे, त्याला जगण्यासाठी परमेश्वराखेरीज कुणाच्याही परवानगीची गरज नाही.

पहिल्यांदा तिला एवढंच दिसलं की तिथं सुकाणू नाही. ती खुर्चीत बसली आणि तोंडावर हात ठेवून हसली. नॉर्मन न्हाणीघरात दाढी करत होता; त्याला हाक मारावी म्हणून तिनं तोंड उघडलं. मग तिला दिसलं की तिथं काय आहे.

हाक तिनं मारली नाही. डेक्स्टरला शब्द दिला होता, हे कारण तिनं स्वतःला सांगितलं.

पाकीट

रविवारी दुपारी दोन. पडदे अर्धे ओढलेले. वॉल्टर होल्स्टनं नेहमीसारखी कॉफी आणून ठेवली आणि तो खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत जाऊन बसला. इरेनाबरोबरच्या पस्तीस वर्षांच्या संसारात त्याला या खोलीत वाद घालताना कुणी ऐकलं नव्हतं.

डेक्स्टरनं कात्रण वाचून दाखवलं.

"ऐरण?" रोझलिन म्हणाली. ती व्हायोलिन शिकवायची आणि तिला मध्ये बोलायची खोड होती. "पण माझ्या प्रतीत तर—"

"रोझलिन, तुझी पाळी येईल."

"अगं बाई, मी आपलं सहज—"

"सहज काही नसतं."

इरेनानं दोन बोटं उचलली तशी खोली गप्प झाली. ती त्रेसष्ट वर्षांची होती, बुटकी, आणि चाळीस वर्षं अमेरिकेत राहूनही तिच्या बोलण्यातला रीगा शहराचा हेल गेलेला नव्हता. "सभेला किती लोक होते?" तिनं विचारलं.

डेक्स्टर गोंधळला. "चार हजार, असं छापलंय."

"आणि या वाक्यावर? टाळ्या?"

"बराच वेळ. लोक उठून उभे राहिले म्हणे." त्यानं कात्रण खाली ठेवलं. "मिसेस होल्स्ट, ही चोरी आहे."

"अर्थात. चोरीच." तिनं सिगारेट होल्डरमध्ये बसवली. "तो माणूस माझी वाक्यं पाद्र्याच्या पाण्यात बुडवून विकतो."

वॉल्टर रक्षापात्राकडे बघत होता.

"चोराचं नाव फिलिसकडे आहे," डेक्स्टर म्हणाला. "बंद पाकिटात. मी एक व्यवस्था केली होती, तुम्हाला त्रास नको म्हणून सांगितलं नाही. त्यात चूक होणं शक्यच नाही. पण पाकीट उघडण्याआधी त्या माणसानं स्वतःहून बोलावं असं मला वाटतं. पुरावा लागतो तो ज्याला विचार करायचा नसतो त्याला."

इरेनाची काडी पेटली होती. ती सिगारेटपर्यंत जायला थोडा वेळ लागला.

सगळ्यांनी फिलिसच्या मांडीवरच्या पर्सकडे पाहिलं. नॉर्मननंही. मग त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिला त्याच्याकडे बघायचं होतं. पण आपल्या डोळ्यांत नाव दिसेल या भीतीनं ती गालिच्यावरची नक्षी बघत राहिली.

"तुझ्याकडे?" नॉर्मन हळू आवाजात म्हणाला. "कधीपासून?"

"नॉर्मन," डेक्स्टर म्हणाला, "तुला काही सांगायचंय?"

"मी कुणाला कागद दिलेला नाही."

"कागदाचं विचारलंच नाही मी. ऑफिसात या निबंधाबद्दल कधी बोललास?"

"नाही. म्हणजे निबंध असा नाही. विचार. कल्पना."

"कुणाजवळ?"

"आहेत दोनचार जण. ते प्रुइटच्या पत्रकांचं काम करतात. मूर्ख आहेत रे, त्यांना काय कळणार!"

"मूर्खांना कशाला सांगितलंस?"

नॉर्मनच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

"त्यांनी तुला मानावं म्हणून?"

"असेल."

"वाक्य म्हणून दाखवलंस?"

"आठवत नाही." त्यानं पुन्हा एकदा फिलिसकडे पाहिलं, आणि ती अजून गालिच्याकडेच बघत होती. त्याचे खांदे खाली आले. "म्हटलं असणार," तो म्हणाला. "तिच्याकडे नाव आहे म्हणजे म्हटलंच असणार. मला आठवायचं नसेल म्हणून आठवत नाही. हो. मीच तो."

"नॉर्मन, अरे—" फिलिस म्हणाली.

"तर मग पाकिटाची गरजच उरली नाही," इरेना म्हणाली आणि हात पुढे केला. "दे इकडे."

फिलिस उठली. चार पावलांची खोली होती. इरेनानं पाकीट घेतलं, नखानं फाडलं, कागद उलगडून वरपासून खालपर्यंत वाचला. सहा ओळी वाचायला लागतो त्याहून जास्त वेळ तिला लागला नाही. तिनं कागदाची चौपदरी घडी घातली आणि जाकिटाच्या खिशात ठेवली.

"तू फार नेमकं काम करतेस, फिलिस," ती म्हणाली. "बस."

त्या खोलीत मतदान होत नसे. मतदान कळपाचं. तिथं प्रत्येकानं आपला निर्णय आपल्या शब्दांत आणि आपल्या कारणासह द्यायचा, आणि आधीच्या माणसाचं कारण पुन्हा वापरायचं नाही, असा नियम होता. त्यामुळे बोलायला उशीर करणाऱ्याची पंचाईत व्हायची.

डेक्स्टर: गेला पाहिजे. त्यानं मूर्खांकडून मान मागितला.

रोझलिन: गेला पाहिजे. त्यानं... माझं ते मूर्खांचंच म्हणणार होते मी. थांबा. त्याला स्वतःची कृती आठवत नाही. ज्याला आठवत नाही तो स्वतःचा मालक कसा?

वॉल्टर: (कॉफीचे कप गोळा करायला उठला होता) गेलेलं त्याच्यासाठी बरं.

इरेना: हे कारण नव्हे, वॉल्टर.

वॉल्टर: माझं तेच आहे.

नॉर्मन: गेलो पाहिजे. मी खोटं बोललो. आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं.

फिलिस:

"फिलिस," इरेना म्हणाली, "आम्ही थांबलोय."

"त्यानं केलं असं मला वाटत नाही."

"कारण?"

तिनं इरेनाच्या जाकिटाच्या खिशाकडे पाहिलं. इरेनाचे डोळे तिच्यावरच होते. त्यांत राग नव्हता. एखादी विद्यार्थिनी गणित सोडवते का ते बघत बसावं, तशी ती बघत होती.

"कारण असं की—"

"फिल, नको!" नॉर्मन मोठ्यानं म्हणाला. "माझ्यावर दया करू नकोस. एवढ्या सगळ्यांसमोर तरी करू नकोस."

कप एकमेकांवर वाजले. फिलिसचं तोंड उघडं होतं. ते तिनं मिटलं.

"फिलिसकडे कारण नाही," इरेना म्हणाली. "वॉल्टर, नॉर्मनचा कोट."

वॉल्टरनं कोट आणला. तो नुसता हातात न देता त्यानं नॉर्मनच्या मागे उभं राहून दोन्ही बाह्या धरल्या, लहान मुलाला घालतात तसा तो घातला, आणि मागून कॉलर नीट केली. त्या घरात कुणी कुणासाठी असं करत नसे.

बाहेर लख्ख ऊन होतं. रविवारच्या दुपारी लोक कुत्री घेऊन फिरत होते. दोन चौक ती दोघं नुसती चालत राहिली. तिसऱ्या चौकात लाल दिव्याशी थांबावं लागलं तेव्हा फिलिस म्हणाली, "त्यात तुझं नाव नव्हतं."

"सोड."

"प्रत्येकाच्या पानावर शब्द वेगळा होता, नॉर्मन. मीच टाइप केलेत. तुझ्या पानावर काय होतं? सातवी ओळ."

दिवा हिरवा झाला. लोक पुढे गेले. नॉर्मन जागचा हलला नाही. पाठांतर त्याचं चांगलं होतं. इरेनाचं छापलेलं सगळं आणि न छापलेलं बरंचसं त्याला तोंडपाठ होतं.

"सुकाणू," तो म्हणाला.

"आणि पेपरात?"

"प्रुइटनं बदललं असेल."

"बदलून नेमकं तेच केलं? हस्तलिखितात होतं तेच? ऐरण फक्त एका प्रतीत होती."

"कुणाच्या?"

तिनं मान वळवून मागं, ती दोघं ज्या दिशेनं आली होती तिकडे, पाहिलं.

नॉर्मनचा चेहरा आधी कोरा झाला. मग हळूहळू त्यावर असं काही आलं की फिलिसला वाटलं, आता हा रस्त्यातच खाली बसेल. ती त्याच्या दंडाला धरायला पुढे झाली. तो एक पाऊल मागे सरकला.

"तू त्यांच्याबद्दल असं बोलतेस?"

"मी बोलत नाही. कागद बोलतो."

"कागद कुठाय?"

"त्यांच्याकडे. तू पाहिलंस ना, खिशात—"

"म्हणजे नाही."

"नॉर्मन, तू काही केलेलं नाहीस. कळतंय का तुला? तू निर्दोष आहेस."

"मी निर्दोष असेन तर त्या कोण?" तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. एक बाई कुत्र्याची साखळी आखडून त्यांना वळसा घालून गेली. "आठ वर्षं मी काय ऐकत होतो मग? सांग. आईच्या अंत्यविधीला गेलो नाही मी. कुणाच्या शब्दावर?"

"घरी चल."

"त्यांच्याबद्दल असं बोलायला तुला कुणी शिकवलं?"

"घरी चल रे."

तो चालायला लागला. ती मागून. कोपऱ्यावर औषधाचं दुकान होतं आणि दुकानाच्या भिंतीला लागून टेलिफोनची काचेची खोपटी. नॉर्मन खोपटीसमोर थांबला, कोटाचे खिसे चाचपले, पँटचे चाचपले.

"सुटं नाणं आहे?" त्यानं विचारलं. अगदी साध्या आवाजात, रोज सकाळी विचारायचा तसं.

"कुणाला करतोयस?"

"आहे का नाही?"

तिनं पर्स उघडली. दहा सेंटचं एक नाणं होतं. ते तिनं त्याच्या तळहातावर ठेवलं, आणि ठेवताना त्याची बोटं क्षणभर धरली. ती गार होती.

तो आत गेला आणि दार त्यानं नीट लावून घेतलं. इरेनाच्या घराचा नंबर फिरवताना त्याला आठवावं लागलं नाही. दुपारपासून पहिल्यांदाच तो ताठ उभा होता. पलीकडून कुणीतरी फोन उचलला असावा, कारण त्याचे ओठ हलू लागले. काचेतून आवाज येत नव्हता, पण आपलं नाव माणसाला कुणाच्याही ओठांवर ओळखता येतं.

फिलिसचं नाव त्यानं दोनदा घेतलं. मग तो तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.