परग्रहावरच्या व्यापाऱ्याची पेटी

उज्ज्वलाबाईंच्या शाळेत संमेलनाला दरवर्षी कोळीनृत्य असायचं. जामसरकडची डोंगरातली पोरं, समुद्र कधी पाहिलेला नाही, तरी हौसेने जाळी फेकायची. यंदा बाई म्हणाल्या, समुद्र पुरे, आता थेट आकाशात जायचं. त्यांनी स्वतः नाटक लिहिलं. ताऱ्यांमधलं अफाट साम्राज्य, त्यातली सरदार घराणी आणि त्यांच्या दारी परक्या ग्रहांवरून माल घेऊन येणारे व्यापारी. मुकुटांपायी बाजारातला चंदेरी कागद संपला.

साम्राज्य आकाशातलं असलं तरी व्यापारी मात्र घरचाच होता. बाईंचे वडील गोकुळ, सिन्नरकडचे बांगडीवाले. तरुणपणी डोक्यावर पेटी घेऊन ते या डोंगरांत पाडेच्या पाडे हिंडले. एकदा कुठल्याशा पाड्यावर त्यांना हिवताप चढला आणि तिथल्या घराने नागलीची पेज पाजून त्यांना जगवलं. पाड्याचं नाव तापाच्या गुंगीत लक्षात राहिलं नाही. पुढे गावीच दुकान टाकलं, इकडे येणं झालं नाही. त्या पेजेची आठवण निघाली की म्हाताऱ्याचे डोळे भरून यायचे. आणि कधी चिडले की दुसरीच गोष्ट काढायचे, इकडच्याच एका घराने पेटी धान्याच्या कणगीमागे दडवली आणि विनवण्या केल्या तरी दिली नाही म्हणून.

वडील गेले आणि आभार मानायचं काम लेकीकडे आलं. बाईंनी बदली मागून घेतली ती याच तालुक्यात. पार वावर-वांगणीच्या पाड्यांपर्यंत हिंडून त्यांनी पेज पाजणारं घर शोधलं, पण आजाऱ्याला पेज देणं ही इथे कुणी लक्षात ठेवायची गोष्टच नव्हती. घर सापडेना, तेव्हा निदान चारचौघांत आभार मानावेत, म्हणून हे नाटक.

त्यात चांदणे घराणं सज्जन. ते व्यापाऱ्याला सिंहासनावर बसवतं, मोत्यांनी ओंजळ भरतं आणि मानाने यानापर्यंत पोचवतं. काळोखे घराणं दुष्ट, काळ्या मुकुटांचं. ते पेटी हिसकावून कणगीमागे लपवतं. आकाशात कणगी कुठून आली, असं हेडमास्तरांनी विचारलं होतं, पण बाबांच्या गोष्टीत होती म्हणून बाईंनी ती राहू दिली.

संमेलनाच्या दिवशी चांदणे घराण्याचा पहिला प्रवेश लोकांनी शांतपणे पाहिला. मग काळोखे घराण्याची सरदारीण झालेल्या सुकरीने पेटी ओढून कणगीमागे ढकलली आणि पुढच्या रांगेत तिची आजी, माघी, खळखळून हसली. व्यापारी हात जोडून पेटी मागू लागला, तर आजीने नातीला खालूनच बजावलं, "देऊ नको गं त्याला. आधी खाऊ घाल."

बाईंना राग आला. एवढा दुष्टपणा रंगवला आणि ही हसते. त्या जाऊन आजीजवळ बसल्या आणि तुम्ही वाईट घराण्याची बाजू का घेता, असं त्यांनी विचारलं.

"वाईट कसं?" माघी म्हणाली. "आमचे घरी बांगडीवाला आला होता. अंगात ताप नि सारखा उठून चालू लागं. सासूनं पेटीच दडवली. पेटीबिगर तो कुठं जाणार? पेज पी, धड हो, मंग घे. त्या मोतीवाल्यांनी बघ, माणूस दमलेला, तरी लगेच वाटेला लावला."

बाईंना उलगडा झाला. दोन घरं नव्हतीच. बाबांना जगवलं ते आणि बाबा ज्याच्यावर चिडायचे ते, एकच घर होतं, आणि त्यालाच त्यांनी काळे मुकुट घातले होते.

"धड झाला नि गेला," माघी सांगतच होती. "परत काय आला नाय. सासू मरेपर्यंत विचारत होती, बांगडीवाला घरी पोचला का म्हणून."

"पोचला, आजी," बाई कशाबशा म्हणाल्या. "लग्न केलं, संसार केला. मी त्यांचीच मुलगी."

माघीने बाईंचा हात घट्ट धरला आणि मागच्या रांगेतल्या आपल्या पाड्याकडे वळून, नाटक चालू आहे याची पर्वा न करता, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "बांगडीवाला घरी पोचला होता."