शीलाच्या नावाची कंपनी

माझ्या मुलाला, बुद्धभूषणला, मुलगी झाली ते साल २०२३. तिचं नाव ठरवायला आम्हाला एक दुपार पुरली. कंपनीचं नाव मिळवायला मात्र जानेवारी उजाडला.

अंबरनाथला बुवापाड्यातल्या आमच्या खोलीत हातमोजे शिवले जातात. उल्हासनगरच्या जीन्सवाल्यांकडचं उरलेलं कापड आणायचं आणि त्याचे मोजे करून विकायचे. हे काम सुरू केलं माझ्या नणंदेने, शीलाने. अंगठ्याचा तुकडा वेगळा कापून दुहेरी शिवायची तिची पद्धत, त्यामुळे मोजा तिथे फाटत नाही. अंबरनाथच्या कारखान्यांतले कामगार मोजे मागत नाहीत, 'शीला' मागतात.

त्या वर्षी एका मोठ्या कारखान्याने कळवलं, पुढचं काम हवं असेल तर कंपनी नोंदवा. मी आणि बुद्धभूषण डायरेक्टर होणार होतो. शीलाला विचारलं तर म्हणाली, "मला नको गं वहिनी. मी किती दिवसांची?" कापडाच्या धुळीने तिची छाती गेली होती. उन्हाळ्यापर्यंतचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मी ठरवलं, तिच्या नावाची कंपनी तिच्या डोळ्यांदेखत व्हायची.

नोंदणीचं काम बदलापूरच्या वृंदा मॅडमकडे दिलं. त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाल्या, "मावशी, शीला हँड ग्लोव्ह्ज नावाची कंपनी आधीच आहे. उल्हासनगर, कॅम्प एक."

ते लधाराम शेठ. आमचाच माल इतकी वर्षं विकत होते. गिऱ्हाईक 'शीला' मागतं म्हणून कंपनीलाही त्यांनी तेच नाव दिलं होतं.

"म्हणजे चोरलंच," बुद्धभूषण म्हणाला.

"त्यांनी आधी नोंदवलं. सरकारला एवढंच कळतं," मॅडम म्हणाल्या.

"मग आपण पुढे अंबरनाथ लावू," मी म्हणाले.

"गावाचं नाव जोडलं म्हणून नाव वेगळं धरत नाहीत, मावशी. पुढे न्यू लावलं तरी नाही. तसा नियमच आहे."

"नियम करणाऱ्यांनी उल्हासनगर बघितलेलं दिसत नाही. कॅम्प एकचा हलवाई वेगळा, कॅम्प चारचा वेगळा, पाटी एकच. कुणी चुकतं का?"

मॅडम हसल्या. माझ्या हट्टापायी त्यांनी अर्ज केला आणि तो नामंजूर झाला. कारण काय ते त्यांनी मराठीत लिहून दिलं. अक्षरं मी पंचेचाळिशीत शिकले, विहारातल्या वर्गात. सावकाश वाचलं. एकच वाट उरली होती. लधाराम शेठच्या कंपनीने 'आमची हरकत नाही' असा ठराव करून दिला, तर अंबरनाथ जोडून ते नाव मिळण्यासारखं होतं.

"आई, दुसरं नाव घे ना," बुद्धभूषण म्हणाला.

"कुठलं? तुझं?"

"वाईट आहे का?"

"वाईट नाही. पण बुद्धभूषण द्या म्हणून कुणी मोजे मागितलेत का आजवर?"

दुसऱ्या दिवशी मी कॅम्प एकला गेले. लधाराम शेठनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"अम्मा, दोन शीला झाल्या तर गिऱ्हाईक कन्फ्यूज होणार. धंदा आहे हा."

"पहिली शीला कोण ते ठाऊक आहे का तुम्हाला?"

"कोण म्हणजे? ब्रँड आहे. तुमची कुणी देवी असेल."

"माझी नणंद आहे. घरी खाटेवर पडून आहे."

शेठनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बघतो." त्यांच्या 'बघतो'चा अर्थ मला चांगला माहीत होता.

म्हणून सकाळी परत गेले, पिशवीत अर्धे शिवलेले मोजे घेऊन. दुकानातल्या स्टुलावर बसले आणि अंगठे शिवायला लागले.

"हे काय अम्मा?"

"ठराव होईपर्यंत बसते. तुमचाच माल शिवतेय, नुकसान काही नाही."

रोज जायला लागले. गिऱ्हाईक विचारायचं, मावशी काय शिवता? मी म्हणायचे, शीला. मग लोक मोजा उलटा करून टाके बघायचे आणि मलाच विचारायचे, तुमच्याकडून थेट मिळेल का?

"अम्मा, मेरे ही दुकान में मेरा कस्टमर तोड़ रही हो," शेठ एकदा चिडून म्हणाले.

"तोडत नाही शेठ. शीला कोण ते सांगते. माल तुम्हाला पहिल्यासारखाच येईल. पण नाव एकट्याचं धरून बसलात, तर अंगठे पण एकट्यानेच शिवा."

त्यांचा मुलगा जितेश गल्ल्यामागे हसला. "पप्पा, दे दो ना. अंगूठा आप सिओगे क्या?"

शेवटी शेठ कबूल झाले. ठरावासाठी बोर्डाची मीटिंग म्हटल्यावर मला वाटलं होतं, मोठं टेबल असेल, खुर्च्या असतील. डायरेक्टर दोघेच, बाप आणि लेक. काउंटरवरचे मोजे बाजूला सारून त्यांनी मीटिंग केली. वृंदा मॅडमनी दिलेला मजकूर जितेशने कंपनीच्या लेटरहेडवर छापून आणला. शेठनी सही केली, शिक्का मारला. कागद माझ्या हातात देताना विचारलं, "कशी आहे तब्येत?"

"बोलायला दम लागतो."

"माझा नमस्कार सांगा त्यांना," शेठ म्हणाले. तोवर ते तिला 'ब्रँड' म्हणत होते.

ठराव जोडून मॅडमनी नवा अर्ज केला. तोवर शीलाला बदलापूरच्या दवाखान्यात हलवावं लागलं होतं. सोळा जानेवारीला मॅडमचा फोन आला की नाव मंजूर झालं, आता वीस दिवसांत बाकीची नोंदणी करायची. मी तशीच दवाखान्यात गेले आणि पूर्ण नाव तिला म्हणून दाखवलं. शीला हँड ग्लोव्ह्ज अंबरनाथ प्रायव्हेट लिमिटेड.

ती ऐकत राहिली. मग थांबत थांबत म्हणाली, "अंबरनाथ कशाला? बदलापूरवाले घेणार नाहीत का?"

"त्याशिवाय देत नाहीत."

"बरं, राहू दे. प्रायव्हेट लिमिटेड म्हणजे काय?"

"म्हणजे आता तुझं नाव आपल्यासोबत संपत नाही."

"मग चांगलं आहे," ती म्हणाली आणि भिंतीकडे कूस वळवली.

कंपनी २९ जानेवारीला नोंदली गेली. शीला १९ जानेवारी २०२४ रोजी पहाटे बदलापूरच्या दवाखान्यात वारली.