दोरीचं दुसरं टोक

निळीच्या भुकटीत घोळलेली दोरी धम्मपालने डाव्या खिळ्याला बांधली, उजव्या खिळ्यापर्यंत ताणली, मधोमध चिमटीत धरून मागे ओढली आणि सोडली. फट्. आठ फुटी प्लायवर निळी रेष उमटली. या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ.

त्याने ती पाहिली. मग फडकं घेतलं आणि पुसून टाकली.

सकाळपासूनची चौथी.

"चांगली आल्ती की, बाबा," दारात उभा असलेला बबलू म्हणाला.

"न्हाई आल्ती."

"लेव्हल आणू का दुकानातून? बुडबुडा बघून मारू."

"बुडबुड्याचं काम न्हाई ते."

बबलू आत आला, रंगाच्या डब्यावर बसला, लगेच उठला. मुलाचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं. बापाचा धंदा ज्या यंत्राने संपवला तसंच एक यंत्र त्याने हप्त्यावर घेतलं होतं, आणि त्याबद्दल घरात कुणी कधी काही बोललं नव्हतं.

"चार वाजता चित्र न्यायला डॉक्टरांचा टेम्पो येऊन राह्यला. उद्या दवाखान्याचं उद्घाटन. भिंत रिकामी ठेवणार न्हाई म्हणले. तुमचं झालं न्हाई तर मला फ्लेक्स टाकाय लावलाय. धबधबा."

"जालन्यात धबधबा?"

"नळाला पाणी न्हाई, निदान भिंतीवर तरी असू द्या म्हणले."

धम्मपाल हसला नाही. "मंग टाक."

"टाकायचाच असता तर सकाळपासून चकरा कशाला मारल्या असत्या?" बबलू म्हणाला, आणि गाडीला किक मारून निघून गेला.

*

चित्रात जे आहे ते:

खाली गेरूचा जाड थर. लोखंडाच्या कारखान्यांकडून येऊन पत्र्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, केसांत बसतो तो रंग. त्याच्यावर राखाडी, लावून खरवडलेला, पुन्हा लावलेला. घर नाही, रस्ता नाही, माणूस नाही. बघणाऱ्याला शहर वाटेल किंवा वाटणार नाही.

उजव्या अंगाला एक गुलाबी पट्टा. बियाण्याला औषध चोळतात, त्याचा गुलाबी. त्याची बायको कौसल्या बियाण्याच्या कंपनीत पॅकिंगला होती. तिचे तळवे बारा महिने त्या रंगाचे. धुतलेल्या कपड्यांवरसुद्धा बोटं उमटायची.

चित्रात जे नाही ते:

रेष. जमीन संपते कुठे आणि आभाळ सुरू होतं कुठे, ती.

*

तेहतीस वर्षं त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या. अक्षरं रेषेवर बसतात, आणि रेषेला दोघं लागतात: एकाने टोक धरायचं, दुसऱ्याने ताणून मारायची. लोकांच्या भिंतीत खिळा ठोकता येत नाही. रविवारी कौसल्याला सुट्टी असायची, म्हणून पाट्या रविवारी. ती बुटकी. रंगाचा डबा पालथा घालून त्यावर उभी राहायची, हात उंच करून.

"वर धर, कौसे. वर."

"धरलंय की!"

"अजून वर."

धरलेला असायचा, पण दोरी सुटेपर्यंत हात उतरायचा. त्यामुळे मस्तगड भागातल्या त्याच्या सगळ्या पाट्या उजवीकडे बोटभर खाली गेलेल्या. एका कापडवाल्याने विचारलं होतं, "धम्मपाल, दुकान उताराला लावलंस काय?" उत्तर डब्यावरून आलं होतं. "गिऱ्हाईक घरंगळत येतंय ना, शेटजी? मंग?"

पाट्या थांबल्या. दोरी थांबली नाही. धम्मपाल स्वतःसाठी असली चित्रं काढू लागला तेव्हाही रेषेच्या वेळेला हाक जायची आणि ती पदराला हात पुसत यायची.

"हे काय काढून राह्यले?"

"जालना."

"कुठून बघितल्यावर?"

तो दोरीचं टोक तिच्या हातात द्यायचा.

फाल्गुनात ती गेली. हे चित्र त्याच्या आधी सुरू केलं होतं. चार महिने ते भिंतीला टेकून उभं होतं.

*

दीड वाजता सून जेवणाचा डबा घेऊन आली. शीतल सकाळच्या शाळेत शिकवते. सहा तास उभी राहून थेट आली होती. तिने डबा ठेवला आणि सासऱ्यासमोरचं निळं झालेलं फडकं बघितलं.

"मामा, जेवून घ्या."

"घेतो."

"यांचा फोन आल्ता, तुम्ही रेष पुसून राह्यले म्हणून."

उजवा खिळा त्याने पकडीने उपटला आणि खिशात टाकला. दोरीचं ते टोक खाली लोंबत राहिलं.

शीतलने चपला काढल्या. टोक उचललं. उजव्या कडेवर पेन्सिलीची खूण होती, तिच्या डोक्याच्याही वर. टाचा उंच करून तिने दोरी खुणेवर अंगठ्याने दाबली.

"बराबर?"

"हं."

तो मधोमध येऊन उभा राहिला. दोरी चिमटीत धरली, पण ओढली नाही. गेरूकडे बघत राहिला, मग वर राखाडीकडे, मग पुन्हा खाली.

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. शीतलने दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला. टाचा टेकल्या. अंगठा खुणेवरून सुटला, थोडा खाली आला. अजून थोडा. तिने पटकन सासऱ्याकडे पाहिलं, आता ओरडतील म्हणून.

त्याचं तोंड उघडलं होतं. तेहतीस वर्षांची सवय ओठांवर आली होती.

त्याने तोंड मिटलं. दोरी ओढली आणि सोडली.

फट्.

निळीची धूळ खाली बसली. रेष डावीकडून निघाली होती आणि उजवीकडे, गुलाबी पट्ट्यात, बोटभर खाली उतरली होती.

"चुकली ना," शीतल म्हणाली. "हात भरून आल्ता, मामा. थांबा, पुसते." तिने फडक्याकडे हात नेला.

फडकं धम्मपालने आधीच उचललं होतं. ते त्याने खिडकीबाहेर झटकलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि ब्रश शोधू लागला.

"बबलूला फोन लाव," तो म्हणाला. "म्हणावं, चारला टेम्पो येऊ दे."