तंबोऱ्यातली मंजूषा

डॉक्टरांनी मंजूषा गेल्याचं सांगितलं, त्याच संध्याकाळी तिच्या तंबोऱ्याच्या गवसणीत क्षयाच्या गोळ्यांची पाकिटं सापडली. एकही फोडलेलं नव्हतं. "गोळ्यांनी गळा बसतो, माझं पाणी पी," असं नादबाबाने तिला सांगितलं होतं. माझी बायको गाणारी. गळा म्हटल्यावर ती घाबरली.

तोच माणूस तेराव्याला आमच्या सोनागिरीच्या घरी आला. सगळी कॉलनी लोटली. बाबाने डोळे मिटून लांब ओंकार लावला. तो थांबला, तरी कोपऱ्यातला तंबोरा गुणगुणत राहिला. त्याला कुणी हात लावला नव्हता. बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

"माँ आ गई, बेटी," बाबा माझ्या मुलीला, तन्वीला म्हणाला. "पूछ लो. चुप रही तो हाँ, बोली तो ना."

आईची सेवा करताना तन्वीलाही क्षय झाला होता. औषधं सुरू होती. तिने विचारलं, "आई, गोळ्या घेऊ ना?"

बाबाने ओंकार लावला. तंबोरा बोलला.

तन्वीने गोळ्या सोडल्या. मी रागावलो तर म्हणाली, "पप्पा, आईपेक्षा तुम्हाला जास्त कळतं?"

मी विनिताला बोलावलं. ती मंजूषाची मैत्रीण. महाराणा प्रताप नगरात कोचिंगला फिजिक्स शिकवते. बाबाच्या पुढच्या बैठकीत तिने सगळ्यांसमोर विचारलं, "तन्वी, तंबोरा कोण लावतं?"

"मीच, रोज. आईच्याच सुरात, पेटीच्या काळी चार पट्टीला. सूर हलवायचा नाही, असं बाबाजींनी सांगितलंय."

"त्यांना आईचा सूर कसा माहीत?"

"आल्या आल्या विचारला होता."

"बरं. सगळ्या तारा जरा उतरव."

"आत्मा निकल जाएगी," बाबा म्हणाला.

"मंजूषा? अर्ध्या सुरासाठी पेटीवाल्यांशी भांडायची ती. पळून जाणारी नव्हती," विनिता म्हणाली.

तन्वीने तंबोरा जवळ ओढला. मग तिने खुंट्या फिरवल्या. विनिताने एका तारेवर कागदाचा दुमडलेला कपटा ठेवला. बाबाने ओंकार लावला. कपटा हलला नाही. पुन्हा लावला, आवाज चिरकला.

"लोगों में श्रद्धा कम है आज."

"श्रद्धा तो पहले वाली ही है, महाराज," मागून शेजारचे गोपीनाथजी म्हणाले. "तार बदली है."

"आता तू गा, या उतरलेल्या सुरात," विनिता तन्वीला म्हणाली.

तन्वी गायली. मध्येच तिला खोकला आला. पण कपटा उडून खाली पडला होता आणि तार गुणगुणत होती.

"आवाजाने हवा थरथरते, हवेने तार," विनिताने सांगितलं. "प्रत्येक तारेची थरथरण्याची स्वतःची गती असते. नेमक्या त्याच गतीचा सूर आला की ती डोलते. झोक्याला वेळेवर धक्का दिला की तो चढतो ना, तसंच. वेळ चुकली की चढत नाही. बाबाला 'ना' हवं असलं की तो तारेचा सूर धरतो, 'हाँ' हवं असलं की सोडतो."

"मग आई काय म्हणाली होती?"

"काहीच नाही, बाळा."

तन्वी खूप रडली. बाबा शाल गोळा करून निघाला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

कुणी चमत्कार दाखवला तर आधी खुंटी फिरवून बघा. औषध सोडायला सांगणाऱ्याला दारात उभं करू नका.

नादबाबा आता इंद्रपुरीत बसतो. गर्दी असते म्हणतात. मंजूषाच्या मृत्यूबद्दल पोलिसांत तक्रार द्यायची अजून राहिली आहे.