अंगणातलं तिसरं दार

आमच्या मुलीची चप्पल नेमकी फाटकाजवळ पडली, तिथून हे सगळं सुरू झालं.

बालवाडीच्या मागे, इमारत आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये, थोडी मोकळी जागा आहे. कितीतरी दिवस तिथे मोडक्या खुर्च्या आणि एक गंजकी घसरगुंडी पडून होती. यंदा नव्या ताई आल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात ते सगळं भंगारात काढलं आणि मुलांना बाहेर काढलं. प्रत्येकाने आपली एक चप्पल फेकायची. पडेल तिथे चार खुंट्या ठोकायच्या, भोवती सुतळी बांधायची. ते त्या मुलाचं अंगण. ताईंचा एक हात लांब, एक हात रुंद. रोज खाऊच्या आधी वीस मिनिटं आपापल्या अंगणापाशी बसायचं. मागच्या दारावर ताईंनी मोठ्या अक्षरांत पाटी लावली होती : ‘बाहेरून काही आणायचं नाही. आतलं काही न्यायचं नाही. बघायचं.’

मुलांना वाचता येत नाही. म्हणजे ती पाटी आमच्यासाठीच होती. पण हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं.

आमची भिंगरी साडेचार वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून बाबाने ठेवलेलं नाव. तिने चप्पल फेकली ती जिवाच्या आकांताने, सगळ्यांच्या पुढे जायला हवी म्हणून. ती गेली थेट फाटकाजवळ, जिथून पाण्याची बादली, कचऱ्याचा डबा आणि चाळीस पायांची ये-जा रोज व्हायची. जमीन तुळतुळीत, टणक, टकलासारखी. तिच्या शेजारी, नळाच्या ओलीत, ढब्बूचं अंगण. ढब्बू म्हणजे तिचा वर्गातला जोडीदार, गालांमुळे हे नाव पडलेला. त्याच्या अंगणात गवत, शेवाळ, दोन गोगलगायी आणि एके दिवशी म्हणे छत्रीसुद्धा उगवली.

“छत्री म्हणजे अळंबी हो,” ढब्बूची आई मला फाटकाशी म्हणाली. “घरी आला की तासभर तेच. तुमची काय सांगते?”

“सांगते की,” मी म्हटलं. सांगत काहीच नव्हती. म्हणजे, मी नीट विचारलं नव्हतं.

“जागा बदलून घ्या ना. तिथे बिचारीला काय मिळणार? शुक्रवारी सगळे आईबाप बघायला येणार आहेत.”

ते ‘बिचारी’ मला टोचलं. शुक्रवारी दुपारी प्रत्येक मूल पालकांना आपलं अंगण दाखवणार होतं. एकेकाला पाच मिनिटं. माझ्या डोळ्यांसमोर ती पाच मिनिटंच उभी राहिली : टकलासारख्या जमिनीशेजारी उभी असलेली माझी पोरगी, आणि कडेने “अरेरे” म्हणणारे चेहरे.

मी ताईंना गाठलं. “तिला दुसरी जागा देता येईल का?”

“तिला विचारा,” ताई म्हणाल्या. “ती हो म्हणाली तर आत्ता खुंट्या काढते.”

भिंगरीने मान इतक्या जोरात हलवली की वेणी सुटली. “नाही. माझंच पाहिजे.”

मला वाटलं, हट्ट. बापाच्या वळणावर गेली आहे.

बुधवारी संध्याकाळी ती जेवायला बसली तेव्हा मी शेवटचं विचारून पाहिलं. “शुक्रवारी तू काय दाखवणार गं?”

“जमीन.”

“आणि?”

“आणि दारं.”

“कसली दारं?”

तिच्या तोंडात घास होता. तेवढ्यात माझा फोन वाजला आणि दारं तिथेच राहिली. तिच्या बाबाने मात्र हात पुसत जाहीर केलं, “जमीन दाखवणार म्हणजे आपण जमीनदार झालो की. एका हाताची का होईना.” बापलेक खो खो हसले. मला हसू आलं नाही. मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, मायक्रोस्कोपखाली काचेवरच्या चौकोनांतल्या पेशी मोजते. पण घरी येईपर्यंत डोळे इतके शिणलेले असतात की पोरीचा दिवस मी बहुतेक तिच्या कपड्यांवरच्या डागांवरून ओळखते. तिच्यासाठी एक तरी गोष्ट नीट करावी, असं मला त्या दिवशी फार वाटलं.

गुरुवारी मी ड्यूटीच्या तासभर आधी निघाले. पिशवीत सदाफुलीची दोन रोपं, एक पांढरं, एक गुलाबी, आणि स्वयंपाकघरातला मोठा चमचा. फाटक मावशींनी नुकतंच उघडलं होतं. मावशी म्हणजे बालवाडी झाडणाऱ्या, मुलांना शी-शू करवणाऱ्या, आणि खरं तर सगळी बालवाडी चालवणाऱ्या.

“एवढ्या सकाळी?”

“जरा दोन रोपं लावते. कुणाला बोलू नका.”

मावशींनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, “तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला मी काय सांगणार.” मग बादली घेऊन लांबून वळसा घालून नळाकडे निघाल्या.

“सरळ जा की, मी सरकते.”

“नको बाई. तिथून गेलं की तुमची लेक ओरडते. आता आम्ही सगळे भिंतीकडूनच जातो. ताईपण.”

हे ऐकूनही मला काही कळलं नाही. मी चमचा रोवला. जमीन बधेना. पाणी ओतलं, मुरेपर्यंत थांबले, पुन्हा रोवला. दोन खड्डे, दोन रोपं, भोवती माती थापून गुळगुळीत केली. मागे सरकून पाहिलं तर खरंच अंगण झालं होतं. लॅबमध्ये सकाळभर मी गुणगुणत होते, असं शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला.

अकरा वाजता ताईंचा फोन आला.

“येऊ शकाल का? भिंगरी ढब्बूला चावलीय.”

“खेळता खेळता?”

“नाही. ठरवून.”

मी पोचले तेव्हा ढब्बू पायरीवर बसून रुमालात गुंडाळलेला बर्फ मनगटावर धरत होता आणि येईल त्याला दाखवत होता. “चार दात. हा बघा, हा चौथा.” त्याची आई माझ्या आधीच आली होती. भिंगरी आपल्या अंगणापाशी पाठमोरी, हाताची घडी घालून उभी. फ्रॉक चिखलाने माखलेला. दोन्ही सदाफुल्या मुळांसकट उपटून सुतळीच्या बाहेर ठेवलेल्या, ओळीने, जपून. फेकलेल्या नव्हत्या.

“ह्याने माझं तिसरं दार बुजवलं,” ती वळली आणि मला पाहून तिचा आवाज फुटला. “मोठं दार. सगळ्यांत मोठं.”

“मी नाही!” ढब्बू ओरडला.

“तूच म्हणालास, मी तुला फूल देईन.”

“मी चित्रातलं म्हणालो होतो!”

“खोटारडा!”

“ढब्बू, खरं सांग,” त्याची आई म्हणाली, तीही जरा डगमगली होती. “तू लावलीस का झाडं? ओरडणार नाही मी.”

ढब्बूचे गाल थरथरायला लागले. नळापाशी मावशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बादलीत पाहिलं. बादलीत काही नव्हतं, तरी बघत राहिल्या. गप्प राहिले असते तर खपून गेलं असतं. मावशी बोलल्या नसत्या. चार वर्षांचं पोर दोन दिवसांत विसरलं असतं. खोटं कशाला, एक क्षण मी तोही विचार केला.

“मी लावली,” मी म्हटलं.

कुणाला ऐकू गेलं नसावं, म्हणून पुन्हा म्हटलं. “रोपं मी लावली. सकाळी येऊन. ढब्बूचा काही संबंध नाही.”

ढब्बूच्या आईने कमरेवर हात ठेवले. “म्हणजे माझ्या लेकाला फुकटचा चावा?”

“हो.”

“बरं मग,” ती म्हणाली आणि तिला काय वाटलं कुणास ठाऊक, फसकन हसली. “मला वाटलं होतं फक्त मीच असले उद्योग करते. परवा मी ह्याच्या अंगणात बाहेरून तिसरी गोगलगाय आणून सोडली.”

“आई!” ढब्बू किंचाळला. चाव्यापेक्षा हा घाव मोठा होता.

भिंगरी मात्र माझ्याकडेच बघत होती. रडणं थांबलं होतं. “तू?”

“हो गं.”

“का?”

“मला वाटलं, तुझं अंगण रिकामं आहे.”

“रिकामं नव्हतं,” ती म्हणाली. रागावून नाही. मी घड्याळ चुकीचं वाचलं असतं तर ज्या आवाजात सांगितलं असतं, त्या आवाजात. मग तिने माझं बोट धरलं, मला खाली बसवलं आणि दाखवायला लागली. हे एक दार, हे दुसरं. भोवती चहाच्या भुकटीसारखी मातीची गोल कड असते ना, ती मुंग्यांनी आतून काढलेली माती. दुसऱ्या दाराच्या मुंग्या दुपारी आत जातात, पहिल्याच्या जात नाहीत. हे बाटलीचं बूच, अर्धं गाडलेलं, त्यात बादलीचं पाणी सांडलं की तळं होतं. ही भेग सुतळीखालून बाहेर जाते, तिथून पुढे ती कुणाचीच नाही. हे एकच गवताचं पान, आधी रोज कुणीतरी तुडवायचं, रोज उभं राहायचं. म्हणून तिने सगळ्यांना भिंतीकडून जायला लावलं होतं.

“आणि इथे तिसरं.”

तिथे माझ्या मोठ्या चमच्याचा खड्डा होता.

लॅबमध्ये मशिनने पेशी फारच कमी दाखवल्या की आम्ही त्या आकड्यावर विसंबत नाही. काच ठेवून डोळ्यांनी मोजतो, रिकामे दिसणारे चौकोनसुद्धा. नव्या मुलींना हे मीच शिकवते. मान वर करून ताईंकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

भिंगरीने ढब्बूला सॉरी म्हटलं. त्याने अट घातली की तिच्या दोन्ही दारांपाशी त्याला रोज बसू द्यायचं. ती पाच मिनिटांवर तयार झाली. आपल्या तिसऱ्या गोगलगायीचं काय करायचं यावर त्याने ताईंचा सल्ला घेतला. ताई म्हणाल्या, जिथून आणली तिथे ठेवून यायचं. त्याची आई मुकाट्याने पिशवी शोधायला गेली. सदाफुल्या मावशींनी रंगाच्या रिकाम्या डब्यात लावून पुढच्या पायरीवर ठेवल्या.

रात्रभर मला एकच धास्ती होती. शुक्रवारी ती काही दाखवणारच नाही, नुसती खड्ड्याकडे बघत उभी राहील, आणि ते माझ्यामुळे.

शुक्रवारी दुपारी वीसेक आईबाप मागच्या अंगणात दाटीवाटीने उभे होते. तिचा बाबाही अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता. ढब्बूने दोन गोगलगायी दाखवल्या आणि स्वतःहून सांगितलं, “तिसरी होती, पण ती खोटी होती.” त्याची आई आकाश बघत राहिली.

मग भिंगरी. ती सुतळीशेजारी उकिडवी बसली. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पहिलं दार, दुसरं दार, तळं, भेग, पान. शब्द कमी, पण घाई नाही. मागच्या ओळीतले लोक पुढे सरकायला लागले. एका गृहस्थांनी चष्मा काढून पुसला आणि गुडघे टेकले. मला वाटलं, संपलं आता, सुटलो.

“आणि इथे तिसरं दार होतं,” ती म्हणाली आणि बोट खड्ड्यावर ठेवलं. “हे माझ्या आईने बुजवलं. ती माझी आई. हिरव्या ओढणीवाली.”

वीस माना वळल्या. बाबाने एक पाऊल बाजूला घेतलं, आपला काही संबंध नसल्यासारखं.

“तिला माहीत नव्हतं,” भिंगरीने पुढे सांगितलं. “तिने बघितलं नव्हतं.”

झालं. तिची पाच मिनिटं संपली. लोक पुढच्या अंगणाकडे गेले, भिंतीकडून, वळसा घालून. कुणी सांगितलं नव्हतं तरी.

मीही निघाले, पण तिने ओढणीचं टोक धरलं. “तू बस इथे. वीस मिनिटं.”

“मला परत कामावर जायचंय गं.”

“वीस.”

बसले. मांडी घातली, लॅबमध्ये फोन करून सांगितलं आणि खड्ड्याकडे बघत राहिले. पहिल्या दाराशी ये-जा होती. चहाच्या भुकटीएवढा एकेक कण तोंडात धरून मुंग्या बाहेर यायच्या, कडेवर ठेवायच्या, परत आत. मी सवयीने मोजायला लागले. एकेचाळीस. खड्ड्यात मात्र कुणी फिरकलं नाही. भोवतीची माती माझ्या चमच्याने थापली होती तशीच, गुळगुळीत. पायांना मुंग्या आल्या तरी मी हलले नाही.

ती खाऊ खाऊन आली, तोंड न पुसता.

“आलं का कुणी?”

“नाही. इथे कुणी नाही आलं.”

“मला माहीत होतं. तिसऱ्या दाराच्या मुंग्या दुपारी येतच नाहीत.”

“अगं मग मला बसवलंस कशाला?”

ती विचारात पडली. मग माझ्या गुडघ्यावरची माती झटकली आणि म्हणाली, “सोमवारी सकाळी ये. लवकर, काल आली होतीस तशी.”

“येते.”

“पण येताना काही आणू नकोस.”