टाकी भरली

दिपमाला धावत जिना चढून गच्चीवर पोचली, तेव्हा वच्छलाबाईंच्या बिबड्या, ज्वारीच्या पापड्या, पाण्यात पोहत होत्या. टाकीच्या झाकणाखालून धो धो पाणी येत होतं. पहाटे धोतरांवर घातलेल्या बिबड्यांचा पुन्हा चीक झाला होता आणि तो पन्हळीतून खाली गल्लीत चालला होता. दहा वर्षांची नूतन एका धोतराचं टोक धरून ते उचलायला बघत होती.

“हाक मारायला काय झालं होतं तुला?” दिपमाला म्हणाली.

नूतनने आईकडे पाहिलं आणि धोतर खाली ठेवलं.

हाक तिने मारली होती. एकदा नाही, दोनदा. “मम्मी, टाकी भरली,” हे दिपमालाला स्वयंपाकघरात नीट ऐकू आलं होतं, आणि तिने “हो” म्हणून उत्तरही दिलं होतं. पण कानाला फोन होता, फोनवर शिरपूरची वहिनी होती, आणि वहिनी नेमकी कुणाच्या तरी मोडलेल्या सोयरिकीपर्यंत आली होती. अशी गोष्ट अर्ध्यावर कोण सोडतं? मोटर चालूच राहिली. ज्या गल्लीत आठ दिवसांनी नळ येतो, तिथे हे कुठल्या तोंडाने सांगायचं? अंगणवाडीत रोज पंचवीस पोरांना खरं बोलायला शिकवणाऱ्या बाईच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते खोटं, आणि तेही स्वतःच्या पोरीवर ढकलणारं.

शेजारच्या वच्छलाबाईंचं घर पत्र्याचं, म्हणून दरवर्षी त्यांच्या बिबड्या या गच्चीवर वाळत. नूतन कावळे हाकायला बसे. ज्वारी तीन दिवस भिजवायची, दळायची, पहाटे चारला चूल पेटवून घाटायची. सत्तरीच्या बाईला हे वर्षातून एकदाच झेपायचं. यंदाच्या बिबड्या जळगावला लेकीकडे जाणार होत्या. आता पहाटेच्या कष्टाने थकून वच्छलाबाई झोपल्या होत्या, त्यांना काहीच कळलं नव्हतं.

दुपारी जेवताना दिपमालाच्या नवऱ्याने, नवलने, सगळं ऐकून घेतलं, नूतनने हाक मारली नाही हेही. आरडाओरड त्याच्या स्वभावात नव्हती. त्याऐवजी तो तत्त्वं सांगायचा. चूक कुणाचीही होते, पण लपवली की दुप्पट होते, तेव्हा नूतनने स्वतः जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगावं, असं त्याने ठरवून टाकलं. नूतन खाली मान घालून वरणात बोट फिरवत होती. आत्ता सांगू, आत्ता सांगू, असं म्हणत दिपमाला वाढत राहिली. त्याचा भात संपला आणि तो हात धुवायला उठला.

वच्छलाबाई नुकत्याच उठून बसल्या होत्या. नूतन उंबऱ्यात थांबली. दिपमाला तिच्या शेजारी उभी राहिली. मग मान वर करून तिने आईकडे पाहिलं. दिपमाला भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती.

“आजी, तुमच्या बिबड्या भिजल्या,” नूतन म्हणाली. “टाकी भरली ते मी सांगितलं नाही. माझं लक्ष नव्हतं.”

वच्छलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पदराने टिपलं आणि पोरीला जवळ ओढलं.

“जाऊ दे माय. भिजन्यात ते भिजन्यात.” मग त्या दिपमालाला म्हणाल्या, “पोरले वळन चांगलं लावं तू. आपली चूक आते कोन सांगस?”

त्यांनी डबा उघडून शेंगदाण्याचा एक लाडू नूतनच्या हातावर ठेवला. दिपमालाचे कान शरमेने तापले. अशा वेळी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटतं म्हणतात. तिलाही वाटलं. पण जमीन काही दुभंगली नाही, आणि लाडवाबद्दल आभार मानून तिला घरापर्यंत चालत यावं लागलं.

घरी आल्यावर नूतनने लाडू वाटीत ठेवून दिला. खाल्ला नाही.

“तू हाक मारली होतीस,” दिपमाला शेवटी म्हणाली. “मी ऐकली होती.”

“माहितीये. तू हो म्हणालीस.”

“मग आजींना तसं का नाही सांगितलंस?”

नूतनने थोडा विचार केला. “मी थांबले होते ना तिथे,” ती म्हणाली. “तू काहीच बोलली नाहीस. मग मला काहीतरी सांगावंच लागलं.”

दिपमाला तशीच चपला घालून बाहेर पडली. नूतन मागे निघाली, तेव्हा तिला तिने घरीच बसायला सांगितलं.

वच्छलाबाईंच्या ओट्यावर एव्हाना पहाटे बिबड्या घालायला आलेल्या चौघीजणी जमल्या होत्या. हळहळ करून झाली होती आणि वच्छलाबाई आता त्यांना नूतनचं कौतुक सांगत होत्या. दिपमालाला पाहून त्यांनी सरकून जागा केली.

“ये, बठ. तुनी पोरनीच गोट चाली ऱ्हायनी.”

सगळ्यांचे चेहरे मायेने तिच्याकडे वळले. वाटीभर साखर मागायला आले होते, असं म्हणून अजूनही परतता आलं असतं. दिपमाला बसली नाही.

“आक्का, नूतन खोटं बोलली,” ती वच्छलाबाईंना म्हणाली. “माझ्यासाठी.”